किरकोळ रोकडीची पेटी दर महिन्याला का जुळत नाही? फरक शोधायची रीत

वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप घ्या, रबाळे-महापे पट्ट्यातला छोटा कारखाना घ्या नाहीतर वाशीतलं दहा माणसांचं ऑफिस घ्या. तक्रार एकच ऐकू येते. महिनाअखेरीला किरकोळ खर्चाची पेटी उघडली की वही एक शिल्लक सांगते आणि नोटा दुसरीच. फरक मोठा नसतो. तीनशे, साडेचारशे, कधी बाराशे. मग पेटी सांभाळणारी मुलगी स्वतःच्या पर्समधून भर घालते, नाहीतर 'इतर खर्च' नावाचं व्हाउचर (खर्चाची सही केलेली चिठ्ठी) करून तेवढ्यापुरतं सगळं झाकलं जातं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

हे दोन्ही उपाय घातक आहेत. खिशातून भर घातली की फरक कशामुळे आला ते कधीच कळत नाही. 'इतर खर्च' लिहिला की ज्याला खरंच पैसे काढायचे असतील त्याला वाट सापडते. दोन्हीकडे एकच नुकसान होतं. फरकाचा आकडा पुसला जातो, आणि शोध घ्यायला तर तोच लागतो. किती फरक आहे, कमी की जास्त, गोल आकडा की सुटे रुपये, दर महिन्याला सारखा की वेगळा, हे बघितलं तर बहुतेक वेळा कारण अर्ध्या तासात हाती लागतं. संशयाने माणसांकडे बघायची वेळ सहसा येत नाही, आलीच तर सगळ्यात शेवटी.

आधी पेटीत ठराविक रक्कम हवी

ज्या पेटीत किती पैसे असायला हवेत हेच ठरलेलं नाही, तिचा मेळ कशाशी घालणार? बऱ्याच ठिकाणी मालक येता-जाता "हे घे पाच हजार, ठेव" म्हणतात, परवा तीन हजार देतात, मध्येच दोन हजार घेऊनही जातात. अशी पेटी जुळवायला बसू नका, वेळ फुकट जाईल. आज नोटा मोजा, मागचं सगळं एका तारखेला बंद करा आणि एक रक्कम ठरवा. साधारण पंधरा दिवसांचा किरकोळ खर्च आणि त्यावर थोडी सोय, एवढी पुरते. अकाउंटंट लोक याला इम्प्रेस्ट पद्धत म्हणतात. मर्म इतकंच, की ठरलेली रक्कम 15,000 असेल तर कोणत्याही दिवशी, कोणत्याही क्षणी

हातातल्या नोटा-नाणी + सही झालेली व्हाउचरं + न मिटलेल्या उचलीच्या चिठ्ठ्या = 15,000

व्हायलाच हवेत. वही उघडायचीसुद्धा गरज नाही, पेटीतच सगळं दिसतं.

एक उदाहरण सोडवू. रबाळ्यातलं फॅब्रिकेशनचं युनिट, रक्कम 15,000. मोजल्यावर नोटा-नाणी 4,370, व्हाउचरं 8,205, ड्रायव्हरच्या उचलीची चिठ्ठी 2,000. बेरीज 14,575, म्हणजे 425 कमी. आता प्रत्येक व्हाउचर त्याच्या बिलाशी ताडून बघायचं. टेम्पोवाल्याची पावती 640 ची, व्हाउचरवर 460. इथे 180 सापडले. गणेशोत्सव मंडळाची 200 रुपयांची वर्गणी दिली होती, पावती मालकांच्या टेबलाच्या काचेखाली, व्हाउचर नाहीच. उरले 45, ते स्टेशनवरून पार्सल आणायला गेलेल्या मुलाच्या रिक्षाचे. झाला 425 चा हिशोब. व्हाउचरं आता 8,630 ची झाली, आणि पेटी भरायला चेक काढायचा तो 8,630 चाच. इथे अनेकजण 15,000 मधून हातातले 4,370 वजा करून 10,630 काढतात. तसं केलं तर उचलीचे दोन हजार खर्च नसतानाही भरून निघतात, आणि ड्रायव्हरने उरलेले पैसे परत केले की पेटी 'जास्त' दाखवायला लागते.

फरक कमी आणि दर वेळी वेगळा: उचल बघा

माझ्या मते ऐंशी टक्के दुखणं इथेच आहे. आकडा अंदाजाचा आहे, पण अनुभव तोच सांगतो.

प्रकार असा घडतो. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल आणायचा आहे, ड्रायव्हर घाईत, गेटवर टेम्पो चालू. "मॅडम, दोन हजार द्या, आल्यावर हिशोब देतो." मॅडम देतात. चिठ्ठी नाही, कारण तो समोरचाच माणूस आहे आणि संध्याकाळी येणारच आहे. तो येतो रात्री आठला, ऑफिस बंद. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे डिझेलची पावती, वजनकाट्याची पावती आणि 340 रुपये उरलेले असतात, पण तेवढ्यात त्याला भिवंडीला पाठवायचं ठरतं. मग "ते 340 असू दे तुझ्याकडे, हे आणखी हजार घे." इथे दोन हिशोब एकमेकांत गुंतले. चौथ्या दिवशी तो जी पावत्यांची चळत आणून देतो, तिच्यातली कुठली कुठल्या फेरीची हे त्यालाही सांगता येत नाही. तो खोटं बोलत नसतो.

उपाय कडक ठेवावा लागतो, नाहीतर तो उपाय नाही. पैसा पेटीतून बाहेर पडताना त्याच्या जागी कागद आत गेलाच पाहिजे. उचलीची चिठ्ठी छापील असायची गरज नाही, तारीख, नाव, रक्कम, कशासाठी आणि सही एवढं पुरे. हिशोब दुसऱ्या कामाच्या दिवशी दुपारपर्यंत. आधीची उचल मिटल्याशिवाय नवीन नाही, मग ड्रायव्हर असो की सेल्स मॅनेजर. आणि मिटवताना जुन्या चिठ्ठीत खाडाखोड करून आकडा बदलायचा नाही. चिठ्ठी रद्द करून त्याच्यासमोर फाडायची, खर्चाचं व्हाउचर करायचं, उरलेली रोकड मोजून आत टाकायची. ही तिन्ही कामं एका दमात झाली पाहिजेत. मध्ये फोन वाजला आणि चिठ्ठी फाडायची राहिली, की पुढच्या मोजणीत तीच रक्कम दोनदा धरली जाते.

रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी एक बंद पाकीट सिक्युरिटीकडे ठेवायची पद्धत काही युनिटांमध्ये आहे. पावत्या आणि उरलेले पैसे त्यात, वर स्वतःच्या हाताने आकडा. सकाळी मॅडमनी आणि वॉचमनने मिळून उघडायचं. साधी गोष्ट, पण चालते.

पगारातली उचल मात्र या पेटीतून देऊच नका. "साहेब, पोराची फी भरायची आहे, हजार द्या" हे खरं असतं आणि माणुसकीने द्यावंही लागतं, पण ते बँकेतून द्या आणि पगाराच्या खात्यात नोंदवा. किरकोळ पेटीत शिरलेली पगाराची उचल दहा तारखेपर्यंत चिठ्ठी बनून पडून राहते आणि पेटी रिकामी असूनही 'जुळलेली' दिसते.

फरकाला नऊने भाग जातो

90, 180, 270, 315 असा काही आकडा आला तर अंक उलटसुलट झालेत का ते पाहा. 540 चे 450 लिहिले तर फरक 90. 350 ऐवजी 35 लिहिले तर 315. दोन्हींना नऊने भाग जातो. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेचं व्हाउचर सापडलं तर ती नोंद चुकीच्या बाजूला पडलेली असू शकते, खर्च जमेत नाहीतर जमा खर्चात. पण ही युक्ती एकच चूक असेल तेव्हाच चालते. वरच्या उदाहरणात 180 ची अदलाबदल होती, पण 425 ला नऊने भाग जात नाही, कारण आणखी दोन गोष्टी तिच्यात मिसळल्या होत्या. म्हणून हा नियम पहिली चाचणी म्हणून लावायचा, तिथेच अडकून बसायचं नाही.

फरक गोल आकड्याचा: नोटा, सुट्टे आणि मालक

बरोबर 100, 500 किंवा 1,000 कमी असतील तर आधी नोटा पुन्हा मोजा, तेही दुसऱ्या माणसाकडून. नव्या कोऱ्या नोटा चिकटतात. मग सुट्ट्यांची चौकशी करा. पाचशेचे सुट्टे द्यायला पेटी उघडली, चार शंभराच्या आणि दोन पन्नासच्या नोटा दिल्या आणि पाचशेची नोट टेबलावरच राहिली, असं होतं. सुट्टे द्यायची सोय पेटीतून बंद करणं बरं.

आणि मग मालक. हे लिहिताना थोडं जपून लिहायला हवं, पण घरच्या धंद्यात गोल आकड्याचा फरक बहुतेक वेळा मालकांच्या खिशात सापडतो. पैसा त्यांचाच, त्यामुळे त्यांना त्यात काही चुकलंसं वाटत नाही. पार्किंगला शंभर, देवळात दोनशे, पाहुण्यांच्या मिठाईला पाचशे. पेटीवर बसलेली बाविशीतली मुलगी "शेठ, सही द्या ना" म्हणायला कचरते. यावर तिला धीर देऊन उपयोग नाही, पद्धत बदलावी लागते. मालकांच्या नावाच्या चिठ्ठ्यांचा वेगळा रंग ठेवा, तिने स्वतः भरायची, त्यांनी संध्याकाळी निघताना एकदम सह्या करायच्या. त्यातलं धंद्याचं असेल ते खर्चात, बाकीचं मालकांच्या उचल खात्यात. प्रोप्रायटर असेल तर हे सोपं आहे. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालकाचा घरखर्च कंपनीच्या पेटीतून जाणं हा वेगळाच प्रश्न आहे, तो आपल्या सीएपुढे ठेवा.

पैसे जास्त निघतात

कमी निघाले तर सगळे शोधतात, जास्त निघाले की कुणी काही बोलत नाही. "राहू दे, पुढच्या महिन्यात कामाला येतील." खरं तर जास्तीची पेटी जास्त काळजीची. व्हाउचर झालं, सही झाली आणि पैसे द्यायचे राहिले, हे एक कारण. उचलीतून परत आलेले सुट्टे नोंदवले नाहीत, हे दुसरं. पण कारखान्यांतलं मोठं कारण भंगार. लोखंडाचा कीस, पुठ्ठा, रिकामे ड्रम घेऊन जाणारा रोख देतो आणि ती रोकड जवळ असलेल्या पेटीत पडते. मग तिच्यातून चहा येतो, डिझेल येतं, आणि भंगाराची विक्री कुठेच दिसत नाही. तिच्यावर जीएसटी लागतो तो वेगळाच. या पेटीत पैसा येण्याची वाट एकच असावी, ती म्हणजे बँकेतून. भंगाराची रोकड पावती फाडून त्याच दिवशी मुख्य कॅशमध्ये किंवा सरळ बँकेत भरा.

जास्त निघालेली रक्कम काढून वेगळ्या पाकिटात ठेवू नका. 'रोकड कमी-जास्त' नावाचं एक खातं उघडा आणि फरक, कमी असो वा जास्त, शोध घेऊनही सापडला नाही तर तारखेसह तिथे लिहा. सहा महिन्यांनी ते खातं वाचलं की पेटीचा स्वभाव समजतो.

यूपीआयने आणलेला गोंधळ

पूर्वी रोख द्यायचो तिथे आता मुलगा स्वतःच्या मोबाइलवरून स्कॅन करतो आणि ऑफिसात येऊन रोख मागतो. त्यात वाईट काही नाही, पण एका खर्चाचे दोन पुरावे तयार होतात, दुकानाचं बिल आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट. सोमवारी स्क्रीनशॉटवर पैसे घेतले, गुरुवारी बिल सापडलं म्हणून पुन्हा. दर वेळी हे मुद्दाम होतं असं नाही, विसरही पडतो. म्हणून व्हाउचर बिलावरच करा. स्क्रीनशॉट त्याला जोडा आणि त्यातला व्यवहार क्रमांक व्हाउचरवर लिहा. एकट्या स्क्रीनशॉटवर पैसे देऊ नका. पैसे दिल्याबरोबर बिलावरच 'दिले' असा शिक्का मारा, व्हाउचरवर मारून भागत नाही.

याहून बरं म्हणजे रोजचा चहावाला, पाण्याचे जार, कुरिअर यांना महिन्याच्या बिलावर बँकेतून पैसे देणं. पेटीतली निम्मी व्हाउचरं तिथेच कमी होतात.

टॅलीत कॅश उणे दिसते

पेटीत शून्यापेक्षा कमी नोटा असू शकत नाहीत. तरी टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एखाद्या दिवशी शिल्लक क्रेडिटमध्ये, म्हणजे उणे, दिसते. याचं साधं कारण तारीख. पैसे 3 तारखेला बँकेतून काढले, त्याची काँट्रा नोंद (बँकेतून पेटीत पैसे आल्याची) पडली 7 ला, आणि खर्चाच्या नोंदी 4 आणि 5 च्या. ती काँट्रा नोंद (टॅलीत एफ-4) बँकेच्या स्टेटमेंटमधल्या तारखेने दुरुस्त करा. महिन्याची अखेरची शिल्लक बघून हे कळत नाही, रोजची बघावी लागते.

तारखा बरोबर असूनही उणे येत असेल तर कुणीतरी स्वतःचे पैसे घातलेत आणि ते लिहिलेले नाहीत. ते त्यांच्या नावावर जमा दाखवा. मात्र उसने म्हणून घेतलेल्या रोकडीला मर्यादा आहे. संचालकाकडूनसुद्धा 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम कर्ज म्हणून रोखीने घेता येत नाही. आणि 'कॅश' व 'किरकोळ कॅश' अशी दोन खाती असतील तर एकीतला खर्च दुसरीत पडलाय का हेही बघा, हे फार सर्रास होतं.

खर्चाचीही मर्यादा लक्षात असू द्या. एका दिवसात एका व्यक्तीला सगळे मिळून 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. मालवाहतूकदारासाठी हीच मर्यादा 35,000 आहे. पूर्वी 10,000 च्या जागी 20,000 होती, ती 2017 च्या अर्थसंकल्पात खाली आली, आणि काही जुने लोक अजून वीस हजारच धरून चालतात. नऊ-नऊ हजारांची दोन व्हाउचरं एकाच दिवशी एकाच माणसाच्या नावे केल्याने काही साधत नाही.

बेरीज जुळते, पण खर्च खरा आहे का?

मेळ बसला म्हणून पेटी निरोगी असं नाही. व्हाउचर वाचायची सवय हवी. मुंबईत शिरताना लागणाऱ्या ऐरोली, वाशी, आनंदनगर, मुलुंड आणि दहिसर या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही. त्यानंतरही कारच्या नावे 'ऐरोली टोल' लिहिलेलं व्हाउचर येत असेल तर विचारायला हवं. मुंबई परिसरात मीटर रिक्षाचं किमान भाडं 1 फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये झालं. व्हाउचरवर 'रिक्षा 20' असेल तर ती शेअर रिक्षा, आणि घणसोली स्टेशन ते कारखाना शेअरचे किती पडतात हे ऑफिसातल्या सगळ्यांना पाठ असतं. रिक्षाला पावती नसतेच, तिथे कुठून-कुठे आणि कशासाठी एवढं तरी लिहून घ्या.

थर्मल कागदावरची पेट्रोलची बिलं काही महिन्यांत कोरी होतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा फोटो जपून ठेवा. हार्डवेअरचं बिल आपल्या फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकून घ्या, नाहीतर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट गेलं. चहा-नाश्त्याच्या बिलाचं क्रेडिट मात्र सहसा मिळतच नाही, त्यासाठी दुकानदाराशी वाद घालू नका. साध्या पावतीवर 5,000 च्या वर रोख दिले तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प हवं. माल उतरवायला माथाडी मंडळात नोंदलेले कामगार असतील तर त्यांची मजुरी लेव्हीसह (मजुरीवर द्यायच्या ठराविक आकारासह) मंडळात भरायची असते. पेटीतून 'हमाली' म्हणून हातात दिलेल्या पैशाने ती देणी फिटत नाहीत.

मोजणी

महिनाअखेरीची मोजणी सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे त्या दिवशी पेटी नीटच असते. मधल्या एखाद्या मंगळवारी, अकरा वाजता, न सांगता मोजा. पेटी सांभाळणाऱ्याच्या समोरच मोजायची, त्याला बाहेर बसवून कधीच नाही. नोटांचा तपशील लिहायचा, पाचशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती, आणि दोघांनी सही करायची. ही मोजणी संशयासाठी नाही हे पटवायचं असेल तर ती सगळ्यांची करा, मालकांच्या मेहुण्याकडे पेटी असली तरी.

पेटी एकाकडेच असावी, किल्लीही एकच. तो रजेवर गेला तर मोजून, लिहून दुसऱ्याकडे द्यायची आणि परत घेताना पुन्हा मोजायची. "किल्ली ड्रॉवरमध्येच असते, ज्याला लागेल तो घेतो" असं असेल तर फरक कुणामुळे आला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एवढं सगळं करूनही दर महिन्याला साधारण तेवढीच रक्कम, त्याच आठवड्यात कमी पडत असेल, आणि पेटी दुसऱ्याकडे गेली की पडत नसेल, तेव्हा बोलायची वेळ आली असं समजा. एकट्याला बोलवा, मोजणीचे कागद समोर ठेवा आणि आधी त्याचं ऐका. कधी त्यामागे हॉस्पिटलचं बिल निघतं, कधी सरळ लबाडी. पुढे काय करायचं ते मालकांनी ठरवायचं, पण कागद तयार असले तर निदान चुकीच्या माणसावर आळ येत नाही.

31 मार्चला मोजणी करताना उचलीच्या सगळ्या चिठ्ठ्या मिटवून घ्या, ज्या मिटत नाहीत त्या त्या-त्या माणसाच्या नावावर टाका, आणि मोजणीच्या कागदावर सह्या करून तो ऑडिटच्या फायलीत लावा. दिवाळीच्या महिन्यात खर्च वाढतो म्हणून वाढवून ठेवलेली रक्कम तोपर्यंत तशीच राहिली असेल तर ती पुन्हा खाली आणा आणि जास्तीचे पैसे बँकेत भरा.